सुधारणेचा शिक्का

माझ्या टेबलाच्या डाव्या खणात तीन रबरी शिक्के असायचे. ‘पिण्यास योग्य’, ‘पिण्यास अयोग्य’ आणि ‘सुधारणा आहे’. मधला झिजून गुळगुळीत झाला होता, कारण आमचा भागच तसा. पहिला अधूनमधून निघायचा. शेवटचा मात्र वर्षानुवर्षं पडून होता, त्याच्या रबराला अजून दुकानाचा वास येत होता. त्या शेवटच्या शिक्क्यानं मी कोकणातल्या एका खाडीतल्या शिंपल्या मारल्या. अकोल्यात, पंख्याखाली बसून. हे सांगितलं की लोक म्हणतात, एवढं मनाला लावून घेऊ नका. मी लावून घेतलेलं नाही. लागलंच नाही काही, आणि ते का, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

माझं गाव दर्यापूरच्या अलीकडे, खारपाणपट्ट्यात. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना काळी सपाट जमीन. वर कपाशी, सोयाबीन झकास येतं आणि खाली विहीर खणली की खारं पाणी लागतं. त्या पाण्यात वरण शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, दूध घातलं की चहा फाटतो. आमच्याकडे पाहुणा म्हणून गेलं की आधी पाण्याचा गडू समोर येतो. पहिला घोट कुणी पटकन गिळत नाही. जिभेवर फिरवतात, वर बघतात आणि मग म्हणतात, “गोड हाये वो तुमचं पानी.” असं म्हटलं की यजमानीण अशी फुलते, जणू तिच्या पोराचा पहिला नंबर आला. गोड म्हणजे चांगलं आणि खारं म्हणजे वाईट, हे मला अक्षरं येण्याआधी येत होतं.

पुढे मी रसायनशास्त्र शिकले आणि अकोल्याच्या एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत लागले. खारं पाणी मोजण्यात माझा हात बसला. तपासायच्या पाण्यात पिवळा रंग घालायचा, वरून काचेच्या नळीतून चांदीच्या क्षाराचं पाणी थेंबथेंब सोडायचं. पिवळ्याचं विटकरी झालं की थांबायचं आणि किती थेंब लागले ते लिहायचं. जितकं खारं पाणी तितका जास्त चांदीचा क्षार. उरलेलं आम्ही बेसिनमध्ये ओतायचो. ते नालीतून मोर्णा नदीत जायचं, मोर्णेतून पूर्णेत आणि पूर्णेतून कुठे जातं याचा विचार आम्ही कुणी केला नाही. आम्ही पाणी तपासणारी माणसं होतो, सांभाळणारी नव्हे.

प्रयोगशाळेत काहीही चाखायला सक्त मनाई. मी चाखत असे. काचकांडी बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, मनात एक आकडा धरायचा आणि मग नळी उघडायची. बहुतेक वेळा जीभ बरोबर निघायची. आमच्या साहेबांना हे माहीत होतं. ते म्हणायचे, “म्याडम, तुमची जीभ एक दिवस सरकारजमा कराले पाह्यजे.” मला त्याचा अभिमान होता. आता लिहितानाही थोडासा आहेच, तो काही जात नाही.

खाडीचं पाणी आमच्याकडे आलं ते अशाच एका कौतुकापायी. कोकणात एका खाडीच्या फाट्यावर बांध घातला होता आणि बांधाला झडपा बसवल्या होत्या. झडपा बंद ठेवल्या की भरतीचं पाणी आत येणार नाही, आतल्या गावांच्या विहिरी आणि भातशेती खारी होणार नाही, असा बेत होता. पण बांधाच्या आत, चिखलात, तिसऱ्या मिळायच्या. तिसऱ्या म्हणजे खायच्या शिंपल्या. काही बायांची घरं त्यांच्यावरच चालायची. म्हणून असं ठरलं होतं की काही महिने झडपा बंद ठेवून बघायच्या, दर पंधरवड्याला पाणी तपासायचं आणि मग झडपा कायमच्या बंद करायच्या की उघडायच्या ते ठरवायचं. तिकडची प्रयोगशाळा दुरुस्तीला निघाली होती. कुणीतरी म्हणालं, खारं पाणी ना, मग अकोल्याला पाठवा, ते लोक दुसरं काही मोजतच नाहीत.

तर मी समुद्र न बघितलेली बाई खाडीचं पाणी तपासू लागले. बर्फाचा डबा, वर गोणपाट, आत बाटल्या. पहिल्या डब्यातलं पाणी मी आपल्या विहिरींच्या पाण्यासारखं तसंच नळीखाली धरलं. नळी रिकामी झाली, परत भरली, परत रिकामी झाली तरी पिवळं ते पिवळंच. साहेब दारात उभे राहून हसत होते. मग पाणी पातळ करून मोजायला शिकले. काचकांडी जिभेला लावली तर थुंकावंच लागलं. इतकं वाईट पाणी मी आयुष्यात चाखलं नव्हतं. असं मला वाटलं. ‘वाईट’ हाच शब्द मनात आला.

बाटल्या भरायचं काम त्या चिखलात रोज जाणाऱ्या एका बाईकडे होतं. ती ओहोटीला उतरायची, पायानं चाचपून तिसऱ्या काढायची आणि पंधरवड्यातून एकदा आमच्या बाटल्या भरायची. वयानं माझ्यापेक्षा मोठी. मी तिला मावशी म्हणत असे, ती मला बाय. आमची ओळख फोनवरचीच. खारेपणाची बाटली सोपी होती, नुसती भरायची. प्राणवायूची बाटली अवघड. पाण्यात मासे, शिंपल्या ज्यावर जगतात तो प्राणवायू वाटेत उडून जाऊ नये म्हणून जागेवरच त्यात दोन औषधांचे थेंब मोजून टाकायचे, बुडबुडा न ठेवता बूच लावायचं. पाण्यात प्राणवायू असला की बाटलीच्या तळाला तपकिरी साका बसतो. नसला की पांढरा. मी हे तिला फोनवर तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “समाजला गो. शिकवलेला कळता माका.”

पहिले काही डबे आले, त्यात साका छान तपकिरी होता. अडकित्त्यानं कातरलेल्या सुपारीच्या भुग्यासारखा.

मग पाणी बदलू लागलं. दर डब्याला चांदीचा क्षार कमी लागायचा. मी काचकांडी जिभेला लावायचे आणि खूश व्हायचे. आधी थुंकावं लागत होतं, मग नुसतं तोंड वाकडं व्हायला लागलं, मग तर आमच्या गावच्या विहिरीइतकं झालं. रविवारी गावी गेले तेव्हा मायला सांगितलं. माय ओट्यावर तुरी निवडत होती.

“पयले लय खारं होतं वो माय. आता गोड होऊन राह्यलं.”

“चांगलं झालं,” माय म्हणाली. “सुटल्या बिचाऱ्या बाया.”

माय आयुष्यभर आमच्या विहिरीचं पाणी प्याली होती. नळाचं आलं तेव्हा तिची दोन्ही मूत्रपिंडं अर्धी कामातून गेलेली होती. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं, म्हणजे गोड पाणी दारात आलं आणि तिला ते पोटभर प्यायची सोय राहिली नाही. त्या खाडीच्या आतल्या गावांत कुणीतरी अशीच म्हातारी असेल, तिच्या विहिरीचं पाणी आता सुधारत असेल, असं मी धरून चालले होते. त्यात सगळंच खोटं नव्हतं. त्या गावांना खरोखर गोड पाणी हवं होतं. पण मला तपासायला विहिरीचं पाणी दिलेलं नव्हतं, खाडीचं दिलं होतं.

सोमवारी मी तो शेवटचा शिक्का काढला. त्याची हिरव्या शाईची वेगळी गादी सुकली होती, तिच्यावर चार थेंब पाणी टाकलं. अहवालाच्या खाली, शेऱ्याच्या रकान्यात, मारला. ‘सुधारणा आहे’. पुढच्या दोन अहवालांवरही मारला. शेरा कुणी मागितलेला नव्हता. आमच्या फॉर्मवर रकाना होता आणि रकाना रिकामा सोडायची मला सवय नव्हती.

त्याच दिवसांत प्राणवायूच्या बाटल्या बिघडायला लागल्या. साका फिकट येऊ लागला, मग अगदी पांढरा, तांदळाच्या पिठासारखा. मला वाटलं, मावशी घाई करते आहे. औषध कमी पडतं आहे. मी फोन केला आणि जरा चढ्या आवाजातच बोलले.

“मावशी, थेंब कमी पडताहेत. मोजून टाका ना नीट. इथं सगळा नमुना वाया जातो.”

“मोजूनच घालतंय गो.”

“मग असं कसं होतंय?”

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता. मी फोन ठेवला आणि नोंदवहीत आणि अहवालात, प्राणवायूच्या आकड्यासमोर लिहिलं: नमुना घेण्यात चूक. माझं अक्षर चांगलं आहे. ती ओळ सुबक दिसत होती. पुढेही दोनदा तेच लिहिलं.

एका पाण्यात एकाच वेळी खारेपणा उतरतो आहे आणि प्राणवायू संपतो आहे. दोन्ही आकडे माझ्याच हातचे, एकाच कागदावर, एकाखाली एक. कोणत्याही पोरासोरानं विचारलं असतं की बाई, हे काय चाललंय. मला मात्र पहिला आकडा एवढा आवडला होता की दुसऱ्याला मी खोटं ठरवून मोकळी झाले. कोकणातल्या कुठल्याही माणसानं ही चूक केली नसती. खारपाणपट्ट्यातल्या माणसानंच केली असती.

मावशीचा फोन आला तेव्हा मी डबा खात होते. ती स्वतःहून फोन करत नसे.

“बाय, तो शिक्को तुजो काय?”

“कोणता?”

“पाणी सुदारला म्हणून मारलंस तो. हय सभा झाली. हयल्या साहेबान कागद दाखवल्यान. अकोल्याचो रिपोर्ट हा, म्हणता, पाणी सुदारता. झडपा आता कायमच्यो बंद. तिसरे मेले गो सगळे. उगडे पडलेत. चिखलात पाय घालूक जमणा नाय, असो वास येता.”

मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, कधीपासून काय, तुझ्या बाटल्या पांढऱ्या झाल्या तेव्हापासून. मग तिनं विचारलं, “तू खाडी बघलंस काय कधी?”

“नाही,” मी म्हणाले.

थोड्या वेळानं तिनं फोटो पाठवला. राखाडी चिखल आणि त्यावर उघड्या पडलेल्या शिंपल्या, शेकड्यांनी. आत काही नाही. मी तो बघितला, बोटांनी मोठा करून बघितला आणि उरलेली पोळी खाल्ली. डबा धुतला. मला काहीतरी व्हायला पाहिजे होतं. निदान पोळी तरी नको व्हायला पाहिजे होती. तसं काही झालं नाही. मी दुपारी मूर्तिजापूरकडच्या सात विहिरींचे नमुने तपासले आणि सातांवर मधला शिक्का मारला.

संध्याकाळी मी कपाटातून पाण्याचं पुस्तक काढलं. ते आमच्याकडे होतंच, मी वाचलेलं नव्हतं. खाडी म्हणजे जिथं गोडं आणि खारं पाणी रोज दोनदा मिसळतं ती जागा. शिंपल्यांना तो खारेपणा लागतो. खालून येणारी भरती अडवली तर पाणी साचतं, वरून गोडं होत जातं आणि तळाशी सडतं. गोडेपणा हेच तिथं आजाराचं लक्षण. एवढं तीन ओळींत होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. म्हटलं, तिन्ही अहवालांवरचा शेरा मागे घ्यायचा आहे, दुरुस्तीचं पत्र पाठवायचं आहे. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“त्याईनं आकडे मांगतले होते, शेरा कोनं मांगतला होता?”

“कोणी नाही.”

“मंग कावून मारला?”

“गोड झालं म्हणून.”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. त्यांचं गावही पट्ट्यातलंच होतं. “मी बी मारला असता,” ते शेवटी म्हणाले. “पन आता मांगं घ्याचा म्हनजे उद्या कोनी बी येईन, म्हनीन माह्या विहिरीचा शेरा बदला.” पत्रावर त्यांनी लगेच सही केली नाही. पत्र त्यांच्या ट्रेमध्ये खाली जात राहिलं आणि मी ते रोज सकाळी वर काढून ठेवत राहिले. आम्ही त्याबद्दल बोललो नाही. एक दिवस ते सही होऊन माझ्या टेबलावर होतं.

मायला सांगायचं टाळत होते, पण तिनंच विचारलं. तिच्या सगळं लक्षात राहतं.

“त्या तुह्या खाडीचं कसं हाये मंग?”

“शिंपल्या मेल्या माय. पाणी गोड झालं म्हणून मेल्या.”

माय हसली. मी थट्टा करते आहे असं वाटलं तिला. “गोड पान्यानं कोनी मरते काय?”

मी तिला समजावलं. भरती, झडपा, साका, सगळं. ती ऐकत होती, पण मला दिसत होतं की तिच्यापर्यंत काही पोचत नाहीये, आणि कसं पोचणार? माझ्यापर्यंतही पुस्तकातून पोचलं होतं. तिनं तिच्या वाट्याच्या पाण्याचा छोटा पेला उचलला, त्यातलं थोडंसं प्याली आणि बाकीचं झाकून ठेवलं.

पत्र गेलं. त्यानंतर तिकडे पुन्हा सभा झाली, पुन्हा कुणी कुणी येऊन पाहणी केली आणि पुढचा पावसाळा संपल्यावर झडपा उघडल्या. हे मला एका साध्या चिठ्ठीवरून कळलं. चिठ्ठीबरोबर डबाही आला होता. यावेळी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या छापील होत्या. मावशी कोळशासारख्या काळ्या पेनानं, मोठ्ठ्या अक्षरात लिहायची. या बाटल्या कार्यालयातल्या कुणीतरी भरल्या होत्या.

मी काचकांडी बुडवली आणि जिभेला लावली. खारट होतं. थुंकावं लागलं. प्राणवायूच्या बाटलीच्या तळाला तपकिरी साका होता. मी बाटली उजेडात धरून ठेवली. मला बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं. मावशीला सांगावं म्हणून मी फोन लावला.

तिनं उचलला तेव्हा मागे यंत्रांचा आवाज होता आणि बायकांची बोलणी. ती काजूच्या कारखान्यात जात होती, काजू सोलायला.

“मावशी, पाणी परत खारट झालंय. साका तपकिरी आहे.”

“बरा झाला,” ती म्हणाली.

“तिसऱ्या आल्या का परत?”

“माका म्हायत नाय. मी खय जातंय आता चिखलात.” यंत्र बंद झालं तसा तिचा आवाज एकदम जवळ आला. “बाय, एक इचारू?”

“विचारा ना.”

“तुज्या कागदार लिवलेला होता, नमुनो घेवच्यात चूक. साहेबान सगळ्यांसमोर वाचल्यान. म्हणता, पाण्यात जीव नाय असा जा काय दिसता ता खोटा, हिका थेंब मोजूक येनत नाय. शाळेतली पोरा हसली माका. थेंब बरोबर होते ना गो?”

दुरुस्तीच्या पत्रात मी शेऱ्याबद्दल लिहिलं होतं. तीन अहवालांचे क्रमांक, तीन तारखा, शेरा रद्द समजावा, सगळं व्यवस्थित. त्या ओळीबद्दल मी काहीच लिहिलं नव्हतं. ती मला आठवलीच नव्हती. पाण्याची चूक मी दुरुस्त केली होती आणि बाईची तशीच ठेवली होती.

“बरोबर होते मावशी,” मी म्हणाले. “सगळे बरोबर होते.”

“मगे झाला,” ती म्हणाली आणि पलीकडे यंत्र पुन्हा सुरू झालं.

मी जुनी नोंदवही काढली. ती ओळ तीन पानांवर होती, तिन्ही ठिकाणी तितकीच सुबक. तिन्ही ठिकाणी ती खोडली, वर ‘नमुना बरोबर’ असं लिहिलं आणि सही केली. मग दुसरं पत्र लिहायला घेतलं. पहिल्या ओळीतच मला मावशीचं पूर्ण नाव लिहायचं होतं. तेव्हा लक्षात आलं की ते मी कधी विचारलेलंच नाही. मी परत फोन लावला. यंत्राच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसावं. वाजत राहिला.